सी शिकलेल्या बाई

कॉम्प्युटर रेंगाळला की बाई त्याला टपली मारायच्या. मग म्हणायच्या, "मशीनचा दोष नाय. भाषाच आळशी हाय."

ही भाषा म्हणजे मराठी नव्हे, कॉम्प्युटरला हुकूम सोडायची. बाई पोलादपूरच्या, चांगल्या शिकलेल्या. पण चिडल्या किंवा चेष्टेत आल्या की बोली सरळ गावाला जायची.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कारखान्यात मी शिफ्ट सुपरवायझर होतो. कारखान्याने नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवायला बाईंना. रिअ‍ॅक्टरमधला, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीतला, माल फार तापला की कॉम्प्युटरने भोंगा वाजवायचा. प्रोग्रॅम बेसिक भाषेतला, त्यामुळे भोंगा आपला सवडीने वाजायचा.

बाई मुंबईत मामांकडे राहून सी नावाची भाषा शिकल्या होत्या. "बेसिक एक ओळ वाचतं, तिचा अर्थ लावतं, मग पुढची," त्या सांगायच्या. "सीमध्ये सगळा अर्थ आधीच लावून ठेवायचा. मग नुसतं पळायचं."

मॅनेजर म्हणाले, "बाई, चाललंय ना? उगाच बोट कशाला घालता?"

बाईंनी घातलंच. नवा प्रोग्रॅम सुरू केला आणि कॉम्प्युटर ठप्प! मॅनेजरांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना चहा मागवला.

"काय हो, चूक आहे हे तुमच्या भाषेने सांगितलं नाही?"

"ती नाय अडवत. खड्ड्यात जायचं तर जाऊ देते. आपल्याला अक्कल आहे असं धरून चालते." बाईंनी चहा संपवला. "इथं तेवढं कोण धरतंय?"

चूक सापडली, प्रोग्रॅम धावू लागला. इतका झपाझप, की तापमान किती वेगाने चढतंय याचंही गणित तो करायचा.

एका दुपारी रिअ‍ॅक्टर गार ठेवणाऱ्या पाण्याचा पंप बंद पडला आणि भोंगा वाजला. मॅनेजर ओरडले, "बंद करा तो! तापमानाचा काटा लाल रेषेच्या खाली आहे."

बाई खुर्ची लोटून धावल्या. "काटा काय बघता? चढतोय कसा ते बघा! दुसऱ्या लाइनचं पाणी सोडा रे!"

वरंध गावच्या आमच्या एका कामगाराने मॅनेजरांकडे न बघता व्हॉल्व्ह फिरवला. काटा लाल रेषेला टेकला, तिथेच थरथरला आणि हळूहळू खाली आला. कामगार मटकन खाली बसला. बाईही त्याच्या शेजारी, जमिनीवरच.

"घाबरले हो मी," त्या हळूच म्हणाल्या. बाईंचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

पुढे आम्लाच्या वाफांनी तो कॉम्प्युटर खाल्ला. नवा आला तो वेगळ्याच कंपनीचा. विकणारा म्हणाला, "प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहावा लागेल, काही महिने जातील." बाईंनी आपल्या सीमधल्या प्रोग्रॅमची फ्लॉपी घातली, मोजक्या ओळी बदलल्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधी भोंगा वाजवून दाखवला. "सासर बदललं म्हणून काय स्वयंपाक नव्याने शिकायचा?" विकणारा न जेवताच गेला.

अशा माणसाला महाड किती दिवस पुरणार? एका मे महिन्यात बाई पुण्याच्या नोकरीवर निघाल्या. आमची माणसं गमबुटांसकट एसटी स्टँडवर आली. वरंधच्या कामगाराने खिडकीतून फणसाच्या गऱ्यांची पुडी आत सारली.

"आत्ता खाव नका गो बाई. घाटात गाडी लागंल."

बाईंनी त्याच्या देखतच पुडी सोडली. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडही. एसटी वळली, आणि खिडकीतून एक आठळी टप्पकन रस्त्यावर पडली.