कुंकवाची पेन्सिल

माझे धाकटे दीर कोंडीराम पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत बुरशीची चित्रं काढायचे. हसू नका. शिळ्या भाकरीवर येते तीच बुरशी, पण तिथं तिच्यापासून औषध करत, म्हणून तिचा मान मोठा.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असे, घरच्यांना आत सोडत. तेव्हा मी भावजींचं यंत्र पाहिलं. बारीक जिन्नस मोठा दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या डोक्यावर बोटाएवढं भिंग, बाजूला दांडीवर आरसा, आरशाखाली कागद. एका डोळ्यानं बघायचं. बुरशी दिसते आणि तिच्यावरच आपला कागद, पेन्सिलही दिसते. मग नुसतं गिरवायचं.

"भावजी, ही तर लबाडी. एवढं मलाबी येतंय."

"मग बसा की वैनी."

बसले. बुरशी दिसली की पेन्सिल गुल, पेन्सिल दिसली की बुरशी गुल.

"उजेड दोन्हीकडं सारखा लागतो," भावजी म्हणाले. "सासू-सुनंला सारखं वाढल्यागत."

चौऱ्याहत्तर साली त्यांचा उजवा डोळा अंधारत चालला. डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच गेलाय, इलाज न्हाई. डाव्या डोळ्यानं बसले की हात भलतीकडंच जायचा. चित्रं सुटली तर दुसरं काम त्यांना येत नव्हतं, म्हणून कंपनीत बोलले नाहीत.

एका सकाळी माझा करंडा उघडून बसलेले.

"वैनी, काळी पेन्सिल दिसंना. तांबडं अजून दिसतंय."

पेन्सिलीच्या टोकामागं मेण लावलं, वर कुंकू. जसं कपाळाला लावते तसंच.

उन्हाळ्यात दिव्याच्या उबेनं मेण पाघळलं. कंपनीतले साहेब चित्र घेऊन भावजींच्या टेबलाशी आले. "कोंडीराम, या बुरशीवर तांबडे दाणे कुठून आले?"

भावजींनी कागद डोळ्याशी नेला. "कुठं साहेब?"

तांबडंही गेलं होतं. आम्हालासुद्धा सांगितलं नव्हतं.

साहेब ओरडले नाहीत, हळहळले. भावजींना बाटल्यांची बुचं तपासायला बसवलं. ते काम बोटांनी होतं. चित्रांना फोटोचा कॅमेरा आला.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत डावा डोळाही त्याच वाटेला लागला. यंत्र कपाटातून काढून पूजेला मांडलेलं. भावजींनी कुंकवाचं बोट पुढं केलं, ते आरशाच्या पलीकडं हवेतच थांबलं.

"वैनी, कुठंशी हाय?"

मी मनगट धरून भिंगापाशी नेलं. म्हटलं, "हात धरून भागत असतं, तर रोज आले असते की हो."

"तुमी?" ते हसले. "तुमाला तर पेन्सिलच दिसत नव्हती."

मी मनगट सोडलं नाही.