हा आकडा तुमचा नव्हे

डिचोलीच्या त्या लॅबमधल्या डॉक्टरीणबाई रिपोर्टवर सही करण्याआधी बाहेर येऊन पेशंटला बघून जात. बाहेरच्या बाकावर त्या काळी मराठी की कोकणी हा वाद हमखास चाले. बाई दार उघडून आवाज खाली आणायला सांगत, ‘‘खंयचेय भाशेंत उलयात, पूण ल्हवू.’’ मग ज्याचा कागद हातात असेल त्याला विचारत, ‘‘जेवपाक जाता? चडण चडटना धांप लागता?’’ उत्तर आकड्याशी जुळलं नाही, तर रक्त पुन्हा घेत. लोक वैतागत, पण बाईंना त्याचं काही नसे.

एकदा मी मुळगावहून वडिलांना घेऊन गेलो. महिनाभर ते अंगात त्राण नाही म्हणत होते आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. हिमोग्लोबिन चांगलं आलं. मला हायसं वाटलं. बाईंनी मात्र वडिलांची पापणी खाली ओढून पाहिली.

‘‘हो आकडो तुमचो न्हय.’’

‘‘अहो बाई, चांगला आलाय तर द्या ना,’’ मी म्हणालो.

‘‘बरो आयला, म्हणूनच भंय दिसता.’’

नळ्यांची अदलाबदल झाली होती. पुन्हा घेतलेल्या रक्तात वडिलांचं हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. बाईंनी स्वतः फोन करून त्यांना लगेच पणजीच्या हॉस्पिटलात पाठवलं. ज्याची नळी बदलली होती, त्या माणसालाही आत बोलावून समजावलं.

जीपमध्ये वडील डोळे मिटून बसले होते. मी विचारलं, ‘‘भीती वाटते?’’

‘‘ना रे,’’ ते म्हणाले. ‘‘म्हयनोभर सांगतां हांव. आयकलें तें तिणेंच.’’