जागची न हलणारी होडी

माझ्या सासऱ्यांची होडी चार दिवस हवेत उभी होती, आणि तिला तिथं मीच उभी केली होती.

हे आज मी शांतपणे लिहितोय, पण घरात या विषयावर कुणी नुसतं खाकरलं तरी अजून माझं टाळकं सरकतं. सगळं जग म्हणतं, "तुझ्या रागामुळं झालं." अरे, राग काय मला हौस म्हणून येतो? लोक आणतात म्हणून येतो!

ऐंशी साल उलटून गेलं होतं. नाशकाजवळ अंबडला कारखाने उभे राहत होते आणि मी त्यातल्या एका कारखान्यात वेल्डर होतो. सासुरवाडी गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी. सासरे, म्हणजे आमचे मामा, जाळं टाकून मासे धरायचे. त्यांची लाकडी होडी बापजाद्यांपासूनची नसली तरी तशीच दिसायची. ती एका जागी थांबवायला त्यांच्याकडं एकच साधन होतं: गोणपाटात बांधलेला धोंडा आणि त्याला काथ्याचा दोर.

एका रविवारी मी गळ घेऊन त्यांच्यासोबत होडीत बसलो. वारा सुटला. धोंडा गाळात घसरला, होडी गर्रकन फिरली आणि माझा गळ माझ्याच शर्टाच्या पाठीत घुसला. मेहुणा भागवत म्हणाला, "दाजी, लय मोठा गावलाय, ओढा!"

हसला! मेहुणा माझ्या तोंडावर हसला!

"मामा," मी म्हणालो, "हा धोंडा फेकून द्या. पुढच्या रविवारी मी तुम्हाला असं काही करून आणतो की वादळ आलं तरी होडी जागची हलणार नाही."

"कशाला तरास घेता, जावईबापू? धोंड्यानं भागतंय की."

"भागतंय म्हणूनच देश मागं राहिलाय!" (हे वाक्य मी कारखान्यात साहेबाकडून ऐकलं होतं. त्यानंही रागानंच म्हटलं होतं.)

कल्पना एकदम सोपी होती. भंगारातून दीड इंची लोखंडी नळाचे दहा-दहा फुटी दोन तुकडे घेतले. खालून भाल्यासारखं टोक, वरून दाबायला आडवी मूठ. होडीच्या पुढच्या-मागच्या टोकाला जरा मोठ्या नळाची वीतभर नळकांडी बसवायची, त्यातून दांडे खाली सोडायचे आणि गाळात रोवायचे. झालं! ना धोंडा, ना दोर.

हे दोन दांडे एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "काय मंडपवाले, कुणाचं लगीन काढलं?"

"मी मंडपवाला दिसतो तुम्हाला? हे इंजिनिअरिंग आहे!"

"मग इंजिनिअरसाहेब, लगेजाचं तिकीट घ्या."

अख्खी एसटी हसली. मी गावापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

काठाजवळ छातीभर पाण्यात होडी उभी करून आम्ही दांडे रोवले. वीतभर गाळ, त्याखाली टणक मुरूम. दांडे असे बसले की भागवतनं लोंबकळून पाहिलं तरी हलेनात. मामांचा चेहरा उजळला. पण वाऱ्यानं होडी जराशी डुलली की नळकांड्यात दांडा वाजायचा. खड्. खड्. खड्खड्.

मला खडखड सहन होत नाही. माझ्या कामात तर मुळीच नाही.

मी नळकांडं आणि दांडा दोन्हींतून आरपार भोक पाडलं आणि जाड बोल्ट घालून घट्ट आवळला. आवाज बंद! शिवाय दांडे कुणी उपटून नेऊ नयेत म्हणून दोन्ही बोल्टांच्या टोकाला कुलपं.

मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, थोडी ढील ठेवली असती तर..."

"ढील कशाला?"

"नाय, म्हंजे... पाणी हाय. वर-खाली होतं."

"मामा, तुम्ही मासे धरा. लोखंडाचं मला कळतं."

आमच्या सासऱ्यांकडं एक जुनी खोड आहे. जावयाला दुसऱ्यांदा टोकायचं नाही. एकदा हळू आवाजात सांगायचं आणि गप्प बसायचं. जावई चुलीत हात घालत असेल तरी एकदाच! मामांनी मान हलवली. मामींनी मला चहात जास्तीची साखर घातली. मी विजयी मुद्रेनं एसटी पकडली, आणि कुलपांच्या दोन्ही चाव्या माझ्या खिशात तशाच नाशकाला आल्या.

आता ऐका, हा आठवडा कुठला होता. धाकट्या मेहुणीला, रंजनाला, पुढच्या रविवारी पाहुणे बघायला यायचे होते. आधी दोन स्थळं मोडलेली. तिसरं नांदगावचं, मुलगा शाळामास्तर. मुलाच्या वडिलांनी कळवलं होतं, "आमच्याकडं प्यायला पाणी मिळताना मारामार. धरणाकाठच्या घरी येतोय, तर मासे खाऊनच उठणार." थोडक्यात, मासे हवे होते. माशांसाठी होडी हवी होती. आणि होडीची चावी माझ्या पँटच्या खिशात होती.

गुरुवारी पाळी चालू असताना वॉचमन आला. "तुमचा मेहुणा गेटवर उभा आहे."

मी तसाच काजळलेल्या तोंडानं गेलो.

"दाजी, चावी द्या. होडी..."

"होडी हलली का?"

"नाय, हलली नाय. पण..."

"हलली नाही ना? मग झालं! सांगितलं होतं ना मी?"

"आवं पण ऐका तरी. कालव्याला पाणी सोडलंय, म्हणून..."

"चावी कशाला पाहिजे? म्हणजे तुम्ही बोल्ट ढिले करणार! परत ती खडखड! मी शनिवारी येतोय. तोवर माझ्या कामाला कुणी बोट लावायचं नाही. हातोडा तर नाहीच!"

"दाजी..."

"साहेब बघतोय. जा तू!"

तो गेला. पंधरा मैल आला तसा परत गेला. आणि मी आत जाऊन सोबत्यांना सांगितलं, "माझं काम बघायला सासुरवाडीची माणसं येतायत."

शनिवारी दुपारी बायकोला, शकूला, घेऊन मी गावात उतरलो. काठावर ही गर्दी! मला वाटलं, दांडे बघायला जमलेत. तसे ते दांडे बघायलाच जमले होते.

पाणी नव्हतं. कालव्याला आवर्तन सोडल्यामुळं धरण उतरलं होतं आणि आमच्या बाजूचा उथळ काठ कोरडा पडत चालला होता. जिथं छातीभर पाणी होतं, तिथं आता काळा गाळ. आणि त्या गाळाच्या वर, छातीइतक्या उंचीवर, दोन दांड्यांना कुलूपबंद अशी मामांची होडी हवेत उभी! खाली सावलीत चार शेळ्या रवंथ करत बसलेल्या. वर होडीच्या काठावर एक बगळा. होडी जागची एक इंच हलली नव्हती. पाणी हललं होतं.

एक म्हातारा म्हणाला, "चांगली बसलीय. पाळणा बांधा आता."

बाकीच्यांच्या होड्या पाण्यामागोमाग पलीकडच्या खोल काठाला गेल्या होत्या. आमचीच तेवढी शिस्तीत उभी!

"दोर कापता येतो," मामा पुटपुटले, "लोखंड कसं कापावं? आन् तुमी म्हणाला होता, हात लावायचा नाय."

मी कुलपं उघडली. बोल्ट हलेनात. सगळ्या होडीचा भार त्यांच्यावर!

"जावईबापू, खालून ओंडक्यांचा टेका देऊ, मंग हळूहळू..."

"टेका-बिका काही नको! द्या तो हातोडा!"

भागवतच्या खांद्यावर पाय देऊन मी होडीत चढलो आणि मागच्या बोल्टावर घाव घातला. एक. दोन. तिसऱ्याला बोल्ट सुटला. त्याबरोबर होडीचं मागचं टोक धाडकन खाली गेलं, पुढचं वरच राहिलं, आणि मी मागच्या टोकावरून थेट गाळात तोंडावर! शेळ्या चौखूर. तळाची फळी उभी चिरली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

गाव खदखदून हसलं. सासरची माणसं मात्र हसली नाहीत. एकही नाही! मामी पदर सावरत म्हणाल्या, "जावईबापूंना लागलं का गं बाई?"

त्यानंच माझा भडका उडाला.

"अरे, हसा ना! नाहीतर शिव्या तरी द्या! एकानं, एकानं तरी मला तोंडावर सांगायचं की बाबा, पाणी उतरतं!"

तेव्हा शकू पुढं आली. तिला त्या घरचे नियम लग्नानंतर लागू नव्हते. "बाबांनी सांगितलं होतं. भागवत तर गेटवर आला होता. ऐकलंत तुम्ही?"

मी गाळात उभा होतो. मामा मात्र तिकडं होडीजवळ उकिडवे बसून फुटक्या फळीवरून हात फिरवत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. राग कसा गिळतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

रविवारी पाहुणे आले. घरात एकच कोंबडी, तीही अंड्यांवर बसलेली. मामींनी पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढला. मुलाच्या वडिलांनी ताटात पाहिलं, मग मामांकडं पाहिलं.

"मासे?"

मामांनी मान खाली घातली. मी तोंड उघडणार, एवढ्यात पाणी वाढणारी रंजनाच म्हणाली, "दाजींनी होडी टांगून ठेवलीय."

"टांगून?"

मग तिनं सगळं सांगितलं. ढील, कुलूप, गेट, हातोडा, शेळ्या, सगळं! मी पिठल्यात बोटं घालून बसलो. हे स्थळ मोडलं तर ते माझ्यामुळं, हे मला लख्ख कळत होतं. पाहुणे जेवण अर्धं टाकून उठले. मुलाचे वडील म्हणाले, "दाखवा."

काठावर जाऊन त्यांनी तिरकी लोंबणारी होडी बघितली आणि इतके हसले की त्यांची टोपी गाळात पडली. डोळे पुसत मामांना म्हणाले, "आन् एवढं होऊन तुमी याला एक शब्द बोलला नाय?"

"जावई हाय," मामा म्हणाले.

"मंग ठरलं. आमचा मास्तर लय तापट हाय. त्याला असंच सासर पायजे."

असं रंजनाचं लग्न जमलं. फळी मी दुरुस्त करून दिली. मामांनी धोंडा परत बांधला. आणि त्या दोन दांड्यांवर, कंडक्टरनं म्हटलं होतं अगदी तसाच, लग्नाचा मंडप उभा राहिला.

मांडव घालताना मामांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जावईबापू, दोर आवळू का थोडी ढील ठेवू?"

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला योग्य वाटेल तसं." असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, तर शकूनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आलाय का ते पाहिलं. अस्सा राग आला!