नकाशावरची टाचणी

वेस कॅटरमोल मासेमारी क्लबात दर वर्षी दुसरा यायचा, आणि दुसरं येण्यासाठी माणसाला किती राबावं लागतं हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिलं येणं सोपं. मोठा मासा धरायचा, वजनकाट्यावर टाकायचा, झालं. दुसरं येणाऱ्याला पहिल्याच्या माशाचं वजन तोंडपाठ लागतं. आपला त्याहून जरासा हलका हवा. आणि चुकून गळाला भारी लागलाच, तर इकडेतिकडे बघून, त्याची माफी मागून, गुपचूप पाण्यात सोडावा लागतो. असे सोडलेले मासे आठवले की वेसला जेवण जात नसे. पण इलाज नव्हता. क्लबाचा नियमच तसा होता.

वर्षातला सर्वांत मोठा काळा ब्रीम ज्याचा, त्यानं जूनमधल्या वार्षिक जेवणाला सगळ्यांसमोर उभं राहायचं, सरलेल्या वर्षाची हकिगत ऋतूवार सांगायची आणि भिंतीवरच्या सरोवराच्या नकाशात, मासा जिथे लागला त्या खऱ्याखुऱ्या जागी लाल टाचणी टोचायची. एरवी पेलिकन नेक गावात माशांबद्दल थापा मारायला पूर्ण मुभा होती. गावाचं निम्मं बोलणं त्यावरच चालायचं. पण नकाशासमोर खोटं नाही. तिथे खोटं बोलणाऱ्याला गावात पावसुद्धा कुणी विकला नसता. टाचणी टोचली, की दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या क्लबाच्या होड्या त्या जागेवर. वर्ष सरेपर्यंत तिथे मासे कमी आणि बिअरचे डबे जास्त.

वेसला आपली जागा जिवापलीकडे प्यारी होती. कौन्सिलचा ग्रेडर चालवून सगळ्या तालुक्याचे मातीचे रस्ते त्यानं जन्मभर सपाट केले, बायको गेली, निवृत्त झाला, आणि मग ही जागा सापडली. ती काही लांब नव्हती. गावातच, आयव्ही प्राउडलॉकच्या घरामागे, तिच्या नवऱ्यानं हयातीत बांधलेला छोटा लाकडी धक्का होता. त्याच्या खांबांना शिंपले लगडलेले आणि खाली ब्रीम असे जाडजूड, जणू पेन्शनवर आलेले. वेस पहाटे इंजिन मुद्दाम खोकवत निघायचा तो थेट उत्तरेला. त्याच्या शेजारी राहणाऱ्या कॉल स्प्राउलला, म्हणजे निवृत्त हवालदाराला, ते नीट ऐकू जावं हा हेतू. मग बेटाला वळसा घालून, इंजिन बंद करून, लव्हाळ्यातून वल्ही मारत परत गावात. होडी लव्हाळ्यात लपवायची आणि वाकून धक्क्यावर चढायचं. गावाला आपण पुरतं बनवलंय असं त्याला वाटे, आणि या वाटण्याचं सुख माशांच्या सुखाहून कमी नव्हतं.

यंदाही सगळं आखल्याप्रमाणे चाललं होतं. फेब्रुवारीत कॉलनं एक अजस्र ब्रीम काट्यावर टाकला. त्यामुळे एप्रिलमध्ये वेसला जो मोठा लागला तो त्यानं निर्धास्तपणे वजनाला नेला. दुसरा नंबर पक्का. मग कॉलला हौस आली. मासा दिवाणखान्यात लावायचा म्हणून त्यानं तो पेंढा भरणाऱ्याकडे दिला, आणि त्या बिचाऱ्यानं पोट कापलं तर आतून शिशाची वजनं बाहेर आली.

“माशानंच गिळली असतील!” कॉल म्हणाला.

“सगळी एकाच मापाची?” क्लबाचा अध्यक्ष गस हॅलरन म्हणाला. तो खाटीक होता, पोटात काय असावं आणि काय नसावं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. “भलताच काटेकोर मासा दिसतो.”

त्याच संध्याकाळी गसनं वेसला फोन केला.

“वेस, अभिनंदन! तू पहिला!”



“कॉलला आणखी एक संधी द्यायला हवी,” वेस म्हणाला. “वय झालंय त्याचं.”

“तुझ्याहून लहान आहे तो.”

“मग माझंच वय झालंय. पाठ धरलीय. जेवणाला काही यायला जमायचं नाही, गस.”

“काळजी करू नकोस. आम्ही सगळे नकाशा घेऊन तुझ्या घरी येऊ.”

वेस फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. जागा तर जाणारच होती. निदान भाषण तरी नीट व्हावं म्हणून त्यानं वर्ष आठवायला घेतलं. आणि इथे एक विचित्र अडचण निघाली. मासे आठवायला जावं तर आयव्हीच आठवायची.

हिवाळा. मेलबर्नकडे ऋतू उलटे, तो जूनमध्येच सुरू होतो. सरोवरावर असं धुकं की स्वतःच्या गळाच्या काठीचं टोक दिसेना. मासा किती लागला? एक, बहुधा. पण आयव्हीनं आणलेलं भोपळ्याचं सूप मात्र स्पष्ट आठवत होतं, आणि “मरशील थंडीनं, घाल हे” म्हणून तिनं नवऱ्याचा जुना स्वेटर त्याच्या डोक्यातून ओढून घातला होता तेही. तो स्वेटर अजून त्याच्याकडेच होता. मागे दारावर लटकत होता.

वसंत. वारा नुसता सुटलेला. अंड्यांनी भरलेल्या माद्या गळाला लागायच्या, त्या त्यानं सोडून दिल्या. त्यात झाडावरच्या मॅगपायनं पिल्लं काढली होती आणि तो पक्षी धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या टाळक्यावर झडप घालायचा. वेसनं आमिषाची बादली डोक्यावर पालथी घातली. ती रिकामी नव्हती हे त्याला उशिरा कळलं. आयव्ही इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

उन्हाळा. मेलबर्नचे पाहुणे, पाण्यावर फटफटत फिरणारी त्यांची यंत्रं, धक्क्याधक्क्यावरून उड्या मारणारी पोरं. ब्रीम रुसून तळाशी बसले होते. आयव्ही पाण्यात पाय सोडून कोळंबी सोलत शब्दकोडं सोडवायची, तेही मोठ्यानं.

“चार अक्षरं. ‘समजूनही न समजणारा’.”

“हळू बोल. माशांना ऐकू येतं.”

“मग त्यांना विचार. त्यांना येत असेल.”

आणि शरद. पाणी काचेसारखं. तो मोठा मासा एप्रिलच्या सकाळी लागला तेव्हा हातजाळी आयव्हीनंच धरली होती. मासा वर आला तशी ती इतक्या जोरात किंचाळली की मासा आणि वेस दोघंही दचकले. मासा जाळीत पडला तो त्या दचक्यानं.

वेसनं डोकं खाजवलं. या वर्षातून आयव्हीला वगळलं तर भाषणात हवामान तेवढं उरत होतं.

जेवणाच्या दिवशी क्लबाचा हॉल भरला होता. भाजलेलं मटण, पुदिन्याची चटणी, वाटाणे. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी वाढणाऱ्या बायका, त्यांत आयव्ही, हातात कस्टर्डचा मोठा जग. वेस उभा राहिला. टाय त्याला कुत्र्याच्या गळपट्ट्यासारखा वाटत होता.

“हिवाळ्यात धुकं होतं,” त्यानं सुरुवात केली. “मासा फारसा नव्हता. सूप मात्र चांगलं होतं.”

“कुठलं सूप?” मागून कुणीतरी विचारलं.

“भोपळ्याचं.”

“तूच केलंस?”

“माशांबद्दल विचारा,” वेस म्हणाला. “वसंतात पक्ष्यांचा त्रास झाला. उन्हाळ्यात... शब्दकोडी अवघड होती.” हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली. का, ते त्याला कळेना. “शरदात पाणी शांत होतं आणि एक मोठा लागला. तो तुम्ही बघितलाच आहे.”

गसनं लाल टाचणी त्याच्या हातात दिली. वेस नकाशापुढे गेला. बेट, नदीचं मुख, वाळूचे पट्टे, सगळीकडे जुन्या टाचण्या, म्हणजे मेलेल्या जागांचं स्मशानच. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि टाचणी थेट गावात, प्राउडलॉकच्या धक्क्यावर टोचली.

हॉलमध्ये जो गलका उठला, तो सहसा फुटबॉलच्या मैदानावर ऐकू येतो. शिट्ट्या, टाळ्या, टेबलांवर चमचे. कुणी वेसच्या पाठीवर थापा मारू लागलं, तीच पाठ जी दुखत असल्याचं त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं.

“अरे लेका,” गस डोळे पुसत म्हणाला, “मासा कुठे लागला ते विचारलंय! तुझा जीव कुठे लागलाय ते आम्हाला केव्हाचंच माहीत आहे!”

“म्हणजे?”

“म्हणजे लव्हाळ्यात ती निळी होडी काय पोस्टमनची असते? इतकी वर्षं आम्ही तिकडून जाताना मान वळवतो. माणुसकी म्हणून.”

“मी तर दुर्बिणीतून बघितलं,” कॉल कोपऱ्यातून म्हणाला. शिशाच्या प्रकरणापासून तो कोपऱ्यातच बसायचा. “आणि दुर्बीण खाली ठेवली. हवालदार असलो तरी आपल्यालाही मन आहे.”

वेसच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. पण त्याही अवस्थेत त्याच्यातला मासेमार जागा होता, आणि त्यानं एका झटक्यात हिशेब केला: जागा वाचली! गप्प राहायचं, जरासं लाजल्यासारखं हसायचं, बस. दोन म्हाताऱ्या जिवांच्या धक्क्यावर गळ टाकायला कोण जाईल?

तो हसायच्या बेतात होता, एवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. आयव्ही जग घेऊन उभी होती. तीही लाल झाली होती, पण तिची मान ताठ होती आणि ती सरळ त्याच्याकडे बघत होती. आणि तो उभा होता नकाशासमोर.

“मासा तिथेच लागला,” वेस म्हणाला. “तुम्ही समजता तसं नाही. मी तिथे माशांसाठी जातो.”

चमचे थांबले. आयव्हीनं जग खाली ठेवला.

“माशांसाठी?”

“म्हणजे... आयव्ही, खांबांना शिंपले आहेत ना...”

“ॲडलेडच्या बहिणीला मी कळवून बसलेय की माझं एका माणसाशी जमलंय. त्याला कित्येक वर्षं झाली! आता काय सांगू तिला, की तो माझ्या शिंपल्यांवर भाळला होता?”

हॉलमध्ये कुणाला हसायचं धाडस झालं नाही. गसनं तर वाटाण्यांकडे असं बघायला सुरुवात केली जणू ते प्रथमच पाहतोय. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की आज फार तर जागा जाईल.

“मासा महिन्यातून एखादा लागतो,” तो नकाशाकडे बघत म्हणाला. “मी आठवड्यातून तीनदा येतो.”

“हे मला कधी बोलला नाहीस.”

“तिथे हळू बोलावं लागतं.”

“इथे मासे नाहीत, वेस. बोल.”

वेसनं टाय सैल केला. “रविवारी मी रस्त्यानं येईन,” तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “पुढच्या दारानं. काठी न घेता. धक्का ज्याला हवा त्यानं घ्यावा.”

आयव्हीनं जग उचलला. “तीन वाजता ये,” ती म्हणाली, आणि कस्टर्ड वाढायला लागली. गसच्या ताटात मटणावरच वाढलं, पण त्यानं तक्रार केली नाही.

रविवारी वेस इस्त्रीचा शर्ट घालून आणि गसनं फुकट दिलेले सॉसेज घेऊन निघाला. आयव्हीचं घर पुढून हिरवं आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढचं दार कुणी वापरत नसल्यामुळे फुगून बसलं होतं. तो बाहेरून ढकलत होता, ती आतून ओढत होती. आत तिनं धक्क्याकडच्या खिडकीकडे पाठ येईल अशी त्याची खुर्ची मांडली होती. चहा आणि केक टेबलावर होता.

धक्क्यावर कुणी जायचं नाही असा क्लबानं ठराव केला होता. तो कॉल सोडून सगळ्यांनी पाळला. कॉलला अब्रू परत मिळवायची होती आणि त्यासाठी त्याला पोट कापलं तरी फक्त मासाच निघेल असा मासा हवा होता.

“केक घे,” आयव्ही म्हणाली.

“घेतो.”

मागे धक्क्यावर कॉलच्या गळाचं रीळ किर्रर्र करून ओरडलं. वेसच्या कपातला चहा बशीत आला.

“मागे बघू नकोस.”

“नाही बघत.” त्यानं केक तोंडात घातला आणि चावायचं विसरला. “कॉल ओढतोय.”

“मला ऐकू येतंय.”

“ओढायचं नसतं. खांबाला घासून दोरी तुटेल.”

“वेस!” कॉलचा आवाज आला. “अरे वेस! हातजाळी विसरलो!”

वेस खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बसला. आयव्हीनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर.

“मोठा आहे?” तिनं विचारलं.

“आवाजावरून, माझ्या माशाहून मोठा.”

“म्हणजे पुढच्या जूनमध्ये कॉल भाषण करणार.”

“हो.”

“आणि धक्का माझा, म्हणजे त्यात मी असणार.”

“त्याला सांगताच येणार नाही तुझ्याबद्दल,” वेस कळवळून म्हणाला. “त्याला काय माहीत आहे!”

आयव्ही उठली. ॲप्रन काढून तिनं खुंटीला लावला आणि आपली खुर्ची उचलली.

“चल,” ती म्हणाली. “मी खुर्ची घेते, तू जाळी घे. पण त्याला केक द्यायचा नाही.”