कुंभकोणम, आवृत्ती सतरा

अमिरातीतल्या मराठी माणसाला तंजावर जिल्ह्यातली देवळं बघायची इच्छा झाली, की तो विमानाचं तिकीट नंतर काढतो, आधी अजमानला दत्तप्रसाद रेग्यांना फोन लावतो. रेगे तीन प्रश्न विचारतात. किती जण? गुडघे कुणाचे दुखतात? दुपारी झोप लागते का? उत्तरं मिळाली की दहा मिनिटांत सहा पानांचा कागद मोबाइलवर येऊन पडतो. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असतं : कुंभकोणम व परिसर, आवृत्ती सतरा.

कागद असा, की त्यापुढे कुणी बोलूच नये. बृहदीश्वराला सकाळी सहाला जावं, कारण तेव्हा कळसावर ऊन येतं आणि माणसं येत नाहीत. देवळं साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात, मधल्या वेळात देवाला आणि ड्रायव्हरला त्रास देऊ नये. स्वामीमलैला पायऱ्या साठ, मध्ये टेकायला जागा कुठे, तेही त्यात. दारासुरमच्या देवळाशी दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्यावर बोटाने ठोकलं तर स्वर उमटतात. जाळी लावलेली आहे, तेव्हा ठोकू नये, ज्यांनी ठोकलं आहे त्यांच्याकडून ऐकावं. कलम चौदा : दुपारी दगड तापतो, सुती मोजे जवळ ठेवावेत. नऊ वर्षांत त्रेचाळीस कुटुंबं हा कागद घेऊन गेली आणि सुखरूप परत आली.

दत्तप्रसाद रेगे स्वतः मात्र एकदाही गेले नव्हते.

त्यांच्या धंद्याकडे पाहिलं तर यात नवल नाही. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका बांधकाम कंपनीत ते डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. इमारतीचा कुठलाही नकाशा त्यांच्या शिक्क्याशिवाय साइटवर जात नाही. कोपऱ्यात तीन चौकटी असतात : तयार केले, तपासले, मंजूर. त्या भरलेल्या नसतील तर खुद्द शेखसाहेब आले तरी रेगे नकाशा सोडणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. दुबई मरीनातल्या एका टॉवरचा विसाव्या मजल्यावरचा संडासाचा दरवाजा उजवीकडे उघडतो हे त्यांना झोपेतही सांगता येईल, पण त्या टॉवरमध्ये त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही. नकाशा बरोबर असला की इमारत बघायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

कुंभकोणमच्या कागदालाही त्यांनी सवयीने त्या तीन चौकटी घातल्या होत्या. 'तयार केले'मध्ये त्यांची सही होती. 'मंजूर'मध्येही त्यांचीच. 'तपासले' नऊ वर्षं कोरी होती.

या सगळ्याची सुरुवात विभावरीवहिनींपासून झाली. लग्नानंतर त्यांना तंजावरकडची देवळं बघायची होती. व्हिसा अचानक आला, म्हणून चार दिवस महाबळेश्वरला जाऊन रेगे अबुधाबीच्या विमानात बसले. जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." मग एकदा प्रोजेक्टचं हँडओव्हर आलं, एकदा पासपोर्ट नूतनीकरणात अडकला, दोन वर्षं करोनाने खाल्ली, एकदा आवृत्ती बारामध्ये स्वामीमलै आणि तिरुनागेश्वरम यांचा क्रम चुकल्याचं आदल्या आठवड्यात लक्षात आलं, म्हणून तिकिटं रद्द. आणि गेल्या वर्षीचं कारण तर असं, की ते सांगताना रेग्यांनाही थोडी लाज वाटते.

गेल्या वर्षी ड्रायव्हरच अजमानला आला.

मोहिद्दीन हा कुंभकोणमचा टॅक्सीवाला म्हणजे त्या कागदाचा कणा. रेगे आणि तो आठ वर्षं फोनवर बोलत होते. अमुक देवळाचं काम चाललंय का, तमुक रस्ता उघडला का. त्रेचाळीसपैकी बहुतेक कुटुंबं त्यानेच फिरवली. त्यांतल्या एका गृहस्थाची इथे स्टाफ व्हॅनची कंपनी. त्याला मोहिद्दीनचं चालवणं इतकं आवडलं की देवदर्शनाहून परतताना तो प्रसादाबरोबर ड्रायव्हरही घेऊन आला. तिकिटं काढलेली असताना जूनमध्ये रेग्यांच्या दाराची बेल वाजली. बाहेर पांढऱ्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस उभा होता. हसून म्हणाला, "अगंबाई, सार! भूक लागली. लवकर चला."

मोहिद्दीनचं मराठी हे असं. ते सगळं मागच्या सीटवरून ऐकून शिकलेलं, त्यामुळे त्यात 'अगंबाई', 'उलटी होतेय', 'अजून किती लांब' आणि 'ह्यांना काही कळत नाही' असलीच वाक्यं होती. बाकीचं तो हिंदीत भागवायचा. त्याला मिठी मारून झाल्यावर रेग्यांनी पहिलं काम काय केलं, तर तिकिटं रद्द केली. मोहिद्दीन इथे, तर तिकडे आपल्याला नेणार कोण!

योगायोग असा, की त्याची व्हॅन रेग्यांच्याच ऑफिसला लागली. तेव्हापासून अजमान ते सिलिकॉन ओएसिस, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, दोघं ट्रॅफिकमध्ये अडकून कुंभकोणमबद्दल बोलत असत. शारजाच्या पुलाशी गाडी थांबली की मोहिद्दीन म्हणायचा, "सार, इतने टाइम में सारंगपाणी मंदिर हो जाता." मागचे आठ जण कानात बोळे घालून झोपलेले असत.

या वर्षी मात्र वहिनी हट्टाला पेटल्या. स्वतःच तिकिटं काढली, शारजाहून तिरुचिरापल्ली, बारा जुलै. नवऱ्यापुढे मोबाइल धरून म्हणाल्या, "अहो, हे बघा. तुम्ही आलात तर छानच. नाही आलात तर मी आणि ईशानी तुमचा कागद घेऊन जाऊ. चव्वेचाळिसावं कुटुंब म्हणून नाव लिहून घ्या आमचं."

"विभा, पण मोहिद्दीनशिवाय..."

"तुम्हाला रजेची भीती नाही आणि ड्रायव्हरचीही नाही. तुम्हाला भीती आहे, ती देवळं कागदासारखी निघाली नाहीत तर काय याची."

पंधरा वर्षांची ईशानी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, ऑनेस्टली, यू आर अ पीडीएफ."

पीडीएफ रेग्यांनी पचवलं, पण चव्वेचाळीस हा आकडा त्यांना टोचला. बायकोला आपल्या कागदावर एकटीने धाडायचं म्हणजे लग्नात हार पोस्टाने पाठवण्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाने दुबईत ऊद मेथाला हॉल घेऊन त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय : तंजावरची देवळं, एका यात्रिकाच्या नजरेतून. रेग्यांनी दोनदा नकार दिला, पण मंडळाच्या सेक्रेटरी शोभनाताईंपुढे नकार टिकत नाही. शनिवारी संध्याकाळी दोनशे माणसं जमली. मोहिद्दीनने व्हॅन बाहेर लावली आणि तो मागे दारापाशी उभा राहिला. रेगे माइकपुढे आले, समोर वहिनी बसलेल्या दिसल्या, आणि तोंडात तयार असलेलं पहिलं वाक्य गिळून ते म्हणाले, "मी कुंभकोणमला कधीही गेलेलो नाही."

हॉलभर टाळ्या वाजल्या.

"बघा!" शोभनाताई उठून उभ्या राहिल्या. "याला म्हणतात विनय! नाहीतर आपल्यातली काही मंडळी एकदा काश्मीरला जाऊन येतात आणि दहा वर्षं स्लाइड्स दाखवतात."

"नाही हो शोभनाताई, खरंच नाही गेलो."

"अहो, दारासुरमला मला कोण म्हणालं, डावीकडे बघा, हत्ती आणि बैल एकाच डोक्यात कोरलेत म्हणून?"

"मी फोनवर होतो!"

"मग तेच म्हणतेय मी."

एक गृहस्थ उठले. त्यांच्याकडे बृहदीश्वराच्या आवारातला फोटो होता, त्यात मागे टक्कल असलेला एक माणूस पाठमोरा उभा. ते रेगेच आहेत, असं त्यांच्या घरात चार वर्षं मानलं जात होतं. फोटो हॉलभर फिरला आणि टक्कल बहुमताने ओळखलं गेलं. रेग्यांनी पासपोर्ट दाखवायची तयारी केली, तेव्हा तर पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसू लागल्या. शेवटी कुणीतरी ओरडलं, "मोहिद्दीनलाच विचारा ना! यल्ला, मोहिद्दीन, पुढे ये!"

मोहिद्दीन पुढे आला. माइकला घाबरून त्याने तो छातीशी धरला. "सार नहीं आया," तो म्हणाला. सगळ्या माना रेग्यांकडे वळल्या. मग त्याला वाटलं असावं, की आपण सारांची अब्रू घालवतोय. घाईघाईने तो पुढे म्हणाला, "लेकिन हर गाडी में सार था. सब लोग बोलता, रेगे बोले, रेगे बोले. मैं भी अंदर नहीं गया. सार भी नहीं. हम दोनों बाहर."

पुन्हा टाळ्या पडल्या. माणसं हसत उठली, चहाकडे गेली, आणि तीन नवीन कुटुंबांनी कागद मागितला. रेगे मात्र माइकपाशी तसेच उभे राहिले. त्यांना मोहिद्दीनचं मधलं वाक्य लागलं होतं.

परतताना व्हॅनमध्ये ईशानी धरून चौघंच होते. अल नहदाला ट्रॅफिक नेहमीसारखा ठप्प. रेगे पुढच्या सीटवर होते. "मोहिद्दीन, तू आत नाही गेलास म्हणजे? तीस वर्षं त्या देवळांपुढे गाडी लावलीस ना?"

"कैसे जाएगा, सार? चप्पल."

"कसली चप्पल?"

"कलम नऊ," मोहिद्दीन शुद्ध मराठीत म्हणाला.

रेग्यांनी मोबाइल काढला. कलम नऊ त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, आवृत्ती दोनपासून ते जसंच्या तसं होतं. 'महागडे बूट, चपला देवळाबाहेर ठेवू नयेत. गाडीत ठेवाव्यात. गल्फच्या मंडळींना उकाडा सोसत नाही, तेव्हा एसी चालू असावा. ड्रायव्हरने गाडी सोडू नये.'

"और वो सीढ़ी," मोहिद्दीन म्हणाला, "दारासुरम का. सब लोग बाहर आके बोलता, म्यूझिक, म्यूझिक. अंदर जाने को किसी ने रोका नहीं सार, लेकिन इंजिन चालू. इंजिन के आवाज में मेरे को कुछ सुनाई नहीं देता. अंदर क्या है, सार? आप को तो सब मालूम."

सगळं तोंडपाठ होतं. किती खांब, कुठे हत्ती, कुठल्या कोपऱ्यात सावली. रेग्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

"माहीत नाही," रेगे म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी ऑफिसातही कधी वापरले नव्हते. आपण एका माणसाला आठ वर्षं देवळाच्या दारात उभं करून ठेवलं, तेही नीट टाइप करून, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, "तुझी सुट्टी कधी आहे?"

"जुलै, सार. इन्शाल्ला."

"बारा तारखेला आमच्याबरोबर चल. तिकडे गाडी घ्यायची नाही. बसने फिरू. कलम नऊ खलास."

"फिर चप्पल?" मोहिद्दीनने काळजीने विचारलं. तीस वर्षांची सवय अशी एका संध्याकाळी सुटत नाही.

वहिनी मागून म्हणाल्या, "एवढाच चपलांचा प्रश्न असेल, तर चपलाच नकोत. घरूनच अनवाणी निघू."

हे त्या वैतागून बोलल्या होत्या. पण रेग्यांना त्यात खोट सापडेना. चपला नाहीत म्हणजे राखण नाही, राखण नाही म्हणजे कुणी बाहेर नाही. पुलाशी थांबलेल्या व्हॅनमध्येच त्यांनी आवृत्ती अठरा काढली.

बारा जुलैला दुपारी दीड वाजता शारजा विमानतळाच्या उघड्या पार्किंगमध्ये एक टॅक्सी थांबली. आतून मध्यमवयीन तीन माणसं अनवाणी उतरली. चौथी ईशानी, बूट घालून. ती दहा पावलं मागे राहून आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत चालू लागली. चार पावलं टाकल्यावर पुढच्या तिघांचं काय झालं ते सांगायला नको. जुलैतलं डांबर ते! वहिनी एका पायावर आल्या, रेगे दुसऱ्या, आणि मोहिद्दीन आकाशाकडे बघत ओरडला, "अगंबाई!"

"मोजे! अहो, मोजे कुठे आहेत?"

"बॅगेत. तळाशी," रेगे म्हणाले, आणि बॅग आडवी टाकून तिच्यावरच उभे राहिले. तिघंही राहिले, एकमेकांना धरून. ट्रॉल्या घेऊन जाणारी माणसं थांबून बघू लागली. वहिनींना हसू आवरेना, इतकं की त्यांना रेग्यांच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं. असं डोकं त्यांनी महाबळेश्वरनंतर टेकलं नव्हतं.

रेग्यांनी खिशातून कागद काढला, मोहिद्दीनच्या पाठीवर ठेवला, कलम चौदा शोधलं. दगड तापतो, मोजे जवळ ठेवावेत. त्यात त्यांनी 'जवळ' या शब्दाखाली रेघ मारली, आणि बाजूच्या नऊ वर्षं कोऱ्या असलेल्या चौकटीत, 'तपासले'मध्ये, पहिली सही केली.