डोळे मिटून उभं राहायचं

मावशीच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचा प्रत्येक पेशंट म्हणायचा. म्हाताऱ्या माणसांचे पाय चोळायचे, आखडलेले घोटे मोकळे करायचे आणि त्यांना पुन्हा न धडपडता चालायला लावायचं, हे तिचं काम. साठी उलटली तरी दिवसभर बूड टेकायची नाही. याचा घोटा फिरव, तिच्या तळव्यावर अंगठा दाब, मध्येच जाऊन पडदा सरळ कर. शेजारच्या टेबलावर काम करणारी भाची म्हणायची, "अगं, बस की जरा!" त्यावर हिचं उत्तर तयार, "बसायला काय, मेल्यावर आहेच." खोटारडी! बसायला तिची काहीच हरकत नव्हती. तिला भीती होती ती एका जागी नुसतं उभं राहायची.

एकदा सकाळी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि अख्खं बाथरूम कलंडलं. बेसिन हाताशी होतं म्हणून निभावलं. डोळ्यांत साबण झोंबत होता, तरी तिने बेसिन सोडलं नाही. लोकांना तोल सांभाळायला शिकवणाऱ्या बाईचाच तोल जायला लागला, हे सांगणार कुणाला? सांगितलं की काम गेलं, आणि काम गेलं की मग दिवसभर करायचं काय? त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

कामावर मात्र काही व्हायचं नाही, कारण तिथे हात सतत कुणाच्या तरी अंगावर. त्यातली मेख तिला पक्की ठाऊक होती. ती स्वतःच पेशंटना सांगायची, "भिंत घट्ट धरू नका, नुसतं बोट टेकवा. आपण कुठे कलतोय ते बोटाला कळतं." आता तिची भिंत म्हणजे हे पेशंटच झाले होते.

एका दुपारी भाचीने तिला कोपऱ्यात गाठलं. "मावशी, चिडू नकोस. तुझे पेशंट माझ्याकडे आले की तोलाच्या व्यायामाला डोळे मिटून उभेच राहत नाहीत. शिंपीकाका तर लगेच माझा हात चाचपायला लागतात. तू हात काढतच नाहीस ना?"

"आणि पडले म्हणजे?"

"हात जवळ ठेवायचा, अंगाला लावायचा नाही. मला कुणी शिकवलं हे?"

मावशी घडी घातलेले टॉवेल पुन्हा उलगडून घड्या घालत बसली. आपण पडू एवढीच भीती होती आतापर्यंत. आपल्यामुळे ही माणसं अधू राहतायत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी शिंपीकाका आले. दुकानाच्या पायरीवरून आपटल्यापासून म्हातारा घाबरून गेला होता. मावशीने त्यांचे तळवे दाबले, घोटे सैल केले आणि त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं. "मिटा डोळे." पाठीवर तिचा हात होताच. भाची समोरून बघत होती. बघ म्हणावं, बघच! मावशीने हात काढला.

काका उभे राहिले. अहो, खरंच राहिले. थोडे हलले, सावरले, चेहऱ्यावर हसू फुटलं. मावशीला इतका आनंद झाला की तिने मान वर करून भाचीकडे पाहिलं, आणि तेवढ्याने जमीन सरकली. हात आपसूक पुढे गेला आणि तिने काकांचा खांदा गच्च पकडला. दोघंही एका बाजूला कलले. भाची झेपावली, एका हाताने काकांना आणि दुसऱ्याने मावशीला धरलं. टेबल खडखडलं, पण कुणी पडलं नाही.

"मला कुणी ढकललं?" काकांनी भेदरून डोळे उघडले.

अजूनही थाप मारता आली असती. चप्पल अडकली, फरशी ओली होती, काहीही. "मी," ती म्हणाली. "माझा तोल गेला, काका. बरेच दिवस जातोय. मी तुम्हाला नाही, तुम्ही मला धरून ठेवत होतात."

काका तिच्याकडे वळले. "म्हणजे आत्ता मी आपला आपण उभा होतो?"

"आपले आपण." मावशीने डोळे पुसले.

"मग रडताय कशाला? व्हा बाजूला, परत उभा राहतो," म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता डोळे मिटून उभे राहिलेसुद्धा.

ते गेल्यावर भाचीने दार लावलं आणि टेबलावर थोपटलं. "चढ."

"आधी डॉक्टरांना कान दाखवू," मावशी म्हणाली. "चक्कर कानातूनही येते."

"उद्या सकाळीच जाऊ. तोवर पाय तरी बघू दे."

मावशी चढली. तळव्यांवर भाचीचे अंगठे फिरायला लागले, तशी ही सुरू झाली. टाचेला जोर कशाला, बोटांच्या मुळाशी ये, घाई कसली लागलीये! भाची आपली दाबत राहिली. मग तिने मावशीला खाली उतरवलं, मधोमध उभं केलं आणि डोळे मिटायला लावले.

"हात आहे ना गं तुझा?" मावशीने विचारलं.

"जवळ आहे. अंगाला नाही."

"मेले, लाव की जरासा!"

"नाही लावणार," भाची म्हणाली. मावशीने तिला दोन शिव्या हासडल्या आणि डोळे मिटून, डुलत, तिथेच उभी राहिली.