शेवटच्या कडव्यातलं नाव

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी अकरा. जागा: चिंचपोकळीला सुहासची रेकॉर्डिंगची खोली. हजर: गायिका सुशीला कांबळे, सुहास, दिवंगत भागवत मास्तरांच्या पत्नी कमलाबाई, आणि यादी घेऊन मी. काम: सुशीलाची चार गाणी ऑनलाइन सोडणे. नऊ गाण्यांचा पूर्ण अल्बम दिवाळीला. ही त्याची चुणूक.

सुशीला आणि मी करी रोडच्या एकाच चाळीतल्या. ती परळच्या एका इस्पितळात आया होती आणि गाणी रचायची जिना चढताना. मजले चार, म्हणून कडवं चार ओळींचं. चाळीच्या जागी टॉवर आला, ती एकोणिसाव्या मजल्यावर गेली, तरी जिनाच चढते. "लिफ्टचं दार लागलं की चाल घुसमटते गं," म्हणते. चौदाव्या मजल्यावर माझं दार वाजवून उभ्यानेच पाणी पिते आणि नवी ओळ ऐकवते. मी खोट काढली, की ठरलेलं वाक्य: "आधी चहा ठेव, मग चूक दाखव."

भीमगीतांच्या गायनपार्टीत ती तीस वर्षं गायली. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची तिथली रीत. सुशीला तिथे मास्तरांचं नाव घालायची. गाणं त्यांनी शिकवलं होतं, पार्टी त्यांची होती, आणि बाईचं नाव ऐकून लोक उठून जातील ही धास्तीही होती. मास्तर स्टेजवरून सांगायचे, गाणं सुशीलाचं आहे. कार्यक्रम संपला की लोक विसरायचे.

त्या रविवारी गाणी ऑनलाइन सोडायचा फॉर्म मी भरला. प्रत्येक गाणं शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि गीतकाराच्या रकान्यात चारदा लिहिलं: भागवत मास्तर. ज्या ओळी माझ्याच दारात जन्मल्या, त्यांच्यापुढे. सुशीलाने चष्मा लावून वाचलं.

"मालू, तू पण?"

मी घाईने खोडायला गेले. तिने हात धरला. रकाना बदलून काय होणार, गाण्यात तेच नाव आहे, म्हणाली, आणि कमलाबाईंकडे बघत राहिली. कमलाबाई सुपारी कातरत होत्या.

"अगं, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "अजून किती गाणी लिहायला लावशील त्यांना? दमले असतील."

सुशीला हसली आणि माइकपुढे उभी राहिली, पण स्वतःचं नाव गळ्यातून निघेना. हेडफोन काढून ती बाहेर गेली. सुहास घाबरला. मी त्याला सांगितलं, जिना शोधत असेल. दोन मजले वरखाली करून ती धापा टाकत परतली आणि चारही गाण्यांची शेवटची कडवी नव्याने गायली: "सुशीला म्हणे". चौथं संपलं तेव्हा पहिली टाळी कमलाबाईंची पडली. ती रेकॉर्डिंगमध्ये आहे. सुहास काढणार होता, मी काढू दिली नाही.

गाणी सुटली त्या संध्याकाळी मी मुद्दाम जिन्याने उतरले. अकराव्यावर, सातव्यावर, चौथ्यावर, दारांआडून तेच ऐकू येत होतं: सुशीला म्हणे.

अल्बमची आठ गाणी तयार आहेत. नववं मास्तरांवर आहे. त्यांचं नाव पहिल्याच ओळीत. परवा ती चौदाव्यापर्यंत आली, पाणी प्यायली, शेवटची ओळ बसत नाही म्हणाली आणि पुन्हा तळमजल्यापासून चढायला खाली गेली. माझ्या यादीत एवढी एकच चौकट कोरी आहे: नववं गाणं, शेवटचं कडवं.